भेकाची घागर

१

सोमवारी सकाळी साडेसहाला जिवलीनं केळी पिकवायच्या जुन्या खोलीचं कुलूप काढलं आणि सवयीनं आधी भेकांकडे पाहिलं. नानांकडे नंतर. या एवढ्याशा गोष्टीवरून पुढे दिवसभर तिला फार ऐकावं लागलं.

खोली चोपड्याच्या वेशीबाहेर, केळीच्या बागेला लागून. जाड भिंती, खिडकी नाही, दाराच्या कडेनं रबर. घड पिकवायचं काम नव्या जागी गेलं तेव्हा ती रिकामी पडली, आणि दोन वर्षांपूर्वी तिथं प्रेमराज नाना राहायला आले. कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, डावं अंग लकव्यानं गेलेलं. त्यांच्याबरोबर आली चार मोठाली भेकं. साधे बेडूक नव्हेत. तळहातावर मावणार नाहीत अशी, खडबडीत पाठीची, मानेमागे विषाच्या गाठी असलेली भेकं. सून म्हणाली होती, या घरात एक तर ती राहतील नाहीतर मी. नानांनी भेकं निवडली.

जिवलीनं चहा टाकला. कप घेऊन खाटेपाशी गेली. "नाना, उठा." कप स्टुलावर ठेवला. हात लावला. हात लाकडाचा झाला होता.

तिची किंकाळी बागेतल्या माणसांनी ऐकली. नानांचा मुलगा हितेंद्र दहा मिनिटांत आला. त्यानं बापाकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं. कपाच्या काठाला पांढरं, चिकट काहीतरी होतं.

"हिनं भेकाचा रस पाजला," तो म्हणाला. "भेकं हातात धरते ही एकटीच."

नऊ वाजता जिवली पोलीस ठाण्यात होती.

दहा वाजता लताबाई खोलीवर आल्या. नानांच्याच कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्या एकतीस वर्षं परिचर होत्या. नाना फळ्यावर बेडकाचं हृदय काढायचे. खरं हृदय काढून ट्रेमध्ये टाचायचं काम लताबाईंचं. विच्छेदन बंद होईपर्यंत किती मारले, त्यांनी कधी मोजले नाहीत. पोरं त्यांना लॅबवाल्या अक्का म्हणत.

नानांना नेतच होते. दारात लताबाईंना त्यांचं तोंड दिसलं ते तेवढंच, पण ओठ उन्हाळ्यातल्या नदीच्या तळासारखे फाटलेले त्यांनी पाहिले. मग त्या आत शिरल्या आणि कुठंही हात न लावता उभ्या राहिल्या.

खाट लोखंडी, हिरव्या रंगाची. उजव्या अंगाच्या पाइपावर एकाच ठिकाणी रंगाचे टवके उडालेले. खाली स्टीलचा पेला. त्याची कड चेपलेली आणि चेपलेल्या कडेला हिरवा रंग. उजवीकडेच, हाताशी, पाण्याचं मडकं. गच्च भरलेलं. इथलं पाणी क्षाराचं. मडकं पाझरतं आणि बुडाखाली पांढरं कडं उमटतं. मडक्याखाली तसं जुनं, जाड कडं होतं. आणि खाटेच्या डाव्या अंगाला, दोन हात लांब, आणखी एक कडं. पातळ. नवं. त्यावर काहीच नव्हतं.

पलीकडे सिमेंटचा गुडघाभर हौद, वर जाळी. आत नारळाच्या काथ्याची माती, लपायला फुटक्या माठाचे तुकडे, एक पसरट ताट पाण्याचं. ताट काठोकाठ भरलेलं, आणि त्याला ब्लीचिंग पावडरचा वास. शेजारी ताटलीत सुकवलेल्या अळ्यांचा ढीग. माशांच्या दुकानात पुडीतून मिळतात त्या. जाळीवरचं गोणपाट पापडासारखं कडक.

तीन भेकं मातीत रुतून बसली होती, नुसत्या पाठी वर. चौथं ताटाच्या कडेला होतं. सगळ्यात मोठी ती मादी. नानांनी तिचं नाव 'लता' ठेवलं होतं. म्हणायचे, अक्कांसारखीच टपून बसते.

लताबाईंनी वाकून बोटानं तिची पाठ दाबली. कातडी वाळल्या पानासारखी वाजली.

भरलेल्या पाण्यापासून चार बोटांवर ती तहानेनं मेली होती.

२

"अक्का, तुमी कशाले या भानगडीत पडता?" हवालदार पंडित म्हणाला. पंधरा वर्षांपूर्वी प्रॅक्टिकलला त्याचा बेडूक दरवेळी टेबलावरून पळायचा आणि लताबाई पकडून द्यायच्या. "सरळ प्रकरण शे. चहामधून दिलं. कप ठेवलाय आम्ही."

"कप भरलेला आहे की रिकामा?"

"भरलेला."

"मग पाजलं काय? वास?"

"पन ते पांढरं..."

"साय आहे, पंडित. जिवली म्हशीचं दूध वापरते. आता मला तिच्याशी बोलू दे."

जिवली कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. सातपुड्याच्या पायथ्याची, पावरा समाजातली, बावीस-तेवीस वर्षांची. पदर छातीवर घट्ट ओढलेला, तरी पोलक्यावर दोन ओले डाग पसरत होते. तिची अकरा महिन्यांची गेंदा पाड्यावर आजीपाशी होती. पोरीला ताप भरला म्हणून जिवली गुरुवारी संध्याकाळी गेली, आणि आज पहाटेच्या पहिल्या जीपनं, ताप उतरला नसताना, कामावर परत आली. ताप असला की पोर अंगावरचं सोडून काही घेत नाही. चमच्याचं थुंकून टाकते.

"उद्या कोर्टात नेतील," पंडित दारातून हलक्या आवाजात म्हणाला. "मग पंधरा दिवस तरी आतच. डॉक्टरचा कागद केव्हा येईल, भरवसा नाही."

पंधरा दिवस. लताबाईंनी त्या दोन ओल्या डागांकडे पाहिलं. पंधरा दिवसांत तिथं काही उरत नाही.

"किल्ली कुणाला दिलीस?"

"हितेंद्रभाऊना हातमा दिधी. बठ्ठं सांगीसन निंघनू."

"बठ्ठं म्हणजे काय काय? मला सांग, जसं त्याला सांगितलंस तसं."

तिनं बोटं मोडत सांगितलं. नानांचं मडकं उजवीकडे ठेवायचं, उजवाच हात चालतो. भेकांना नळाचं ताजं पाणी नाही घालायचं, एक दिवस बादलीत उघडं ठेवलेलंच घालायचं. औषधाच्या पाण्यानं त्यांची कातडी भाजते. ती तोंडानं पीत नाहीत, ताटात पोट टेकून बसतात आणि पोटातूनच पाणी ओढतात. गोणपाट दिवसातून तीनदा भिजवायचं. आणि खायला केळीच्या सडक्या खोडातल्या अळ्या. डब्यात आणून ठेवल्या होत्या. एकेक सोडायची, जिवंत.

"मेलेली नाही चालत?"

जिवलीला भरल्या डोळ्यांनीही हसू आलं. "अक्का, हालनं नही तं मेंडका देखस नही. समोर मेलं पडनं तरी उपाशी मरी जाई."

लताबाई उठल्या. जिवलीनं त्यांचा पदर धरला. त्यांना वाटलं, आता पोरीचं विचारेल.

"त्यास्ले पानी दिधं का कोनी?" तिनं विचारलं. "सकायमा गोणपाट कोरडं व्हतं."

३

हितेंद्रच्या अंगणात सतरंजी टाकली होती. माणसं येऊन बसत होती, उठत होती. हितेंद्र चाळिशीला टेकलेला, केळीच्या गाड्या दिल्लीकडे भरून पाठवणारा, कधी आवाज न चढवणारा माणूस. त्यानं स्वतः खुर्ची आणली.

"अक्का, खाली नका बसू. गुडघे दुखतात तुमचे."

"किल्ली तुझ्याकडे होती ना रे?"

"होती की. शुक्रवार, शनिवार, रविवार, तिन्ही दिवस संध्याकाळी मी गेलो. रूपालीनं डबा दिला, तो नेला. नानांना जेवू घातलं, मडकं भरलं, भेकांचं पाणी बदललं. काल आठ वाजता कुलूप लावून किल्ली ठरल्याप्रमाणे दाराबाहेरच्या क्रेटखाली ठेवली. काल संध्याकाळी नाना ठणठणीत होते. म्हणून तर म्हणतो, सकाळीच काहीतरी झालं."

"भेकांना खायला कोण घालत होतं?"

"नानाच. मी हात लावत नाही त्यांना, तुम्हाला माहीत आहे. काल माझ्यादेखत घातलं. ताटलीत ठेवल्या अळ्या, टपाटप खाल्ल्या त्यांनी."

"तू पाहिलंस?"

"या डोळ्यांनी."

"मोठी पण खात होती?"

"तीच सगळ्यांच्या पुढे."

लताबाईंनी मान हलवली. तो गोष्ट नीट सांगत होता, जरा जास्तच नीट. पण सांगताना त्याची नजर त्यांच्या चेहऱ्यावर नव्हती. कमरेवर होती, जिथं त्या पूर्वी किल्ल्यांचा जुडगा खोवायच्या.

"तुम्ही मला लहानपणापासून ओळखता, अक्का," तो सावकाश म्हणाला. "मी कशाला खोटं बोलू?"

त्या उठल्या. घराच्या मागच्या दारात कुणीतरी बांगड्या वाजवल्या.

४

रूपालीचे डोळे रडून नव्हे, जागून लाल होते. तिनं लताबाईंना स्वयंपाकघरात ओढलं आणि दार लोटलं.

"मला ती भेकं नको होती, हे खरं," ती भराभर बोलली. "लहान मुलं घरात, विषारी जनावर कुणाला चालेल? पण सासऱ्यांना मी उपाशी ठेवलं नाही. तिन्ही दिवस डबा दिला. कळण्याची भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत. मऊ करून."

"आणि डबा परत?"

रूपालीनं मांडणीवरचा डबा खाली घेतला. चार कप्प्यांचा, लखलखीत.

"हा असा. रोज असाच घासूनपुसून आला. अक्का, नाना चतकोर भाकरी टाकल्याशिवाय कधी जेवले नाहीत. तो चतकोर ते अळ्यांच्या डब्यात घालायचे. लग्न होऊन चौदा वर्षं झाली, भरल्या ताटाला बसले तरी चतकोर बाजूला. आणि या तीन दिवसांत चतकोर नाही. कण नाही."

"जिवली नसताना डबा घासला कुणी?"

रूपालीनं डबा परत मांडणीवर ठेवला. बाहेर कुणीतरी हुंदका दिला, कुणीतरी त्याला गप्प केलं.

"तू नवऱ्याला विचारलंस?"

"नाही."

"का?"

"उत्तर दिलं असतं ना त्यांनी," रूपाली म्हणाली.

नानांचा पुतण्या जितेंद्र बागेच्या कडेला पिकअपमध्ये क्रेट चढवत होता. तिशीतला, तोंडानं फाटका. लताबाईंनी विचारायच्या आधीच त्यानं सुरू केलं.

"माझ्यावर संशय असंल तर सांगा बुवा. जागा मला पाहिजे, हे मी चार लोकांत बोललेलो आहे. पण मारायचं म्हटलं तर मी आधी ती भेकं मारली असती."

"तू इकडे आला होतास मधल्या दिवसांत?"

"शनिवारी दुपारी. क्रेट न्यायला. दाराला कुलूप होतं. शेहेचाळीस डिग्री ऊन, थांबतो कशाला? क्रेट उचलले आणि निघालो."

"आत काही ऐकू आलं?"

"आलं ना. टकटक, टकटक. मग जरा थांबून परत टकटक." त्यानं क्रेटवर बोटानं वाजवून दाखवलं. मग हसला. "मी म्हटलं, बेडकंच असतील."

लताबाई शेजारच्या क्रेटवर बसल्या. जितेंद्रनं घाईनं पाण्याची बाटली पुढे केली. ती त्यांनी घेतली नाही.

"मे महिन्यात भेक आवाज करत नाही, जितू," त्या म्हणाल्या. "पाण्यापावसाशिवाय ते तोंड उघडत नाही. आणि ते टकटक कधीच करत नाही."

जितेंद्रचं हसू तोंडावर तसंच राहिलं, मग हळूहळू गळालं.

"मग आत काय वाजत होतं?"

"स्टीलचा पेला," लताबाई म्हणाल्या. "खाटेच्या पाइपावर."

५

दुपारी तीन वाजता लताबाईंच्या ओट्यावर मेणाचा जुना ट्रे निघाला. कॉलेजनं भंगारात टाकला तेव्हा त्यांनी घरी आणला होता. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पंडित समोर उकिडवा बसला. मेलेल्या भेकाला त्यांनी पाठीवर निजवलं, पण आधी एक गोष्ट केली जी पूर्वी कधी केली नव्हती. ओल्या फडक्यानं तिचं तोंड पुसलं.

"मानेमागच्या या गाठी बघ. इथं विष असतं. दाबली की पांढरा रस येतो आणि गाठ पुढे कितीतरी दिवस सपाट राहते. हिच्या दोन्ही फुगलेल्या आहेत. हौदातल्या तिघांच्याही मी पाहिल्या. चारही जनावरांचा रस जागच्या जागी आहे. जिवलीनं काय पाजलं मग?"

पंडितनं वहीत लिहिलं. मान वहीतून वर काढली नाही. ट्रेची सवय त्याला तेव्हाही नव्हती.

टाचण्या बसल्या. कात्री सरळ वर गेली. एकतीस वर्षांचा हात, थरथर नाही.

"हे जठर. रिकामं. आतडं रिकामं. हिनं तीन दिवसांत काही खाल्लेलं नाही. हितेंद्र म्हणतो, काल संध्याकाळी ताटलीतल्या अळ्या खाताना पाहिलं."

"म्हनजे तो..."

"थांब. सुकवलेली अळी हलत नाही. जे हलत नाही ते भेकाला दिसत नाही. ताटलीत त्यांचा डोंगर रचला तरी त्यांच्यासाठी ती रिकामी ताटली. ही गोष्ट नानांना माहीत, जिवलीला माहीत, मला माहीत. ज्यानं या जनावरांकडे कधी नीट पाहिलंच नाही, तोच तिथं मेलेल्या अळ्या ठेवील, आणि तोच म्हणेल की खाल्ल्या."

त्यांनी कात्री आणखी खाली नेली. एक चुरगळलेली, पारदर्शक पिशवी चिमट्यानं उचलली. वाळलेल्या द्राक्षाच्या सालीसारखी.

"ही बघ. हे मूत्राशय. आपण टाकून देतो ते पाणी भेक इथं साठवून ठेवतं. उन्हाळ्यात बाहेर पाणी नसलं की यातलं परत अंगात ओढतं. नाना वर्गात म्हणायचे, ही भेकाची घागर. पोटाखाली पाण्याचं ताट असतं तर ही टम्म असती. हिनं घागर थेंबाथेंबानं संपवली आणि मग मेली. काल संध्याकाळच्या आधीच."

"पन ताट तं भरेल व्हतं, अक्का."

"ही मेल्यावर भरलं. नळ काल संध्याकाळी आला. ब्लीचिंगचा वास अजून आहे त्याला. मडक्यालाही तोच वास असेल."

पंडितनं पेन खाली ठेवलं. ओट्यावरच्या उन्हात ती पिशवी चिमट्याला चिकटून बसली होती.

"अक्का," तो म्हणाला, "भेकांले तीन दिवस कोनी पानी दिलं नही. म्हनजे नानांले बी..."

लताबाई टाचण्या काढत होत्या, एकेक, जणू दुखेल.

६

साडेचारला त्याच खोलीत हितेंद्रला बोलावलं. दारात पंडित. आत लताबाई, हिरव्या खाटेच्या पायथ्याशी.

"हितू, इथं ये. हे कडं बघ."

तो आला. डावीकडच्या पातळ पांढऱ्या वर्तुळाकडे त्यानं पाहिलं.

"मडकं नेहमी उजवीकडे असायचं," त्या म्हणाल्या. "तिथलं कडं दोन वर्षांचं आहे. हे तीन दिवसांचं. गुरुवारी संध्याकाळी जिवली गेल्यावर कुणीतरी मडकं उचलून इकडे ठेवलं. नानांचा डावा हात मेलेला. कूस बदलता येत नाही. पाणी दिसत होतं, पाझरताना ऐकू येत असेल, पण हात पोचत नव्हता. मग ते पेल्यानं खाट वाजवत राहिले. जितूनं शनिवारी ऐकलं. काल संध्याकाळी तू आलास तेव्हा वाजायचं थांबलं होतं. तू मडकं परत उजवीकडे ठेवलंस, नव्या पाण्यानं भरलंस, ताट भरलंस, अळ्यांची पुडी फोडलीस. डबा रोज रस्त्यात रिकामा करून धुतलास. एवढं सगळं केलंस, पण भेकांकडे पाहिलं नाहीस. ताटाशेजारी एक मरून पडलेली, तीही तुला दिसली नाही."

"मी पाहत नाही त्यांच्याकडे."

"माहीत आहे."

"का पाहत नाही, तेही माहीत आहे तुम्हाला."

हितेंद्र खाटेवर बसला, बापाच्या जागी. आवाज अजूनही चढला नव्हता.

"मी त्यांना मारलं नाही, अक्का. बोट लावलं नाही. मी फक्त मडकं इकडचं तिकडे ठेवलं. ते म्हणाले, हितू, पाणी. मी म्हटलं, आहे ना नाना, समोरच आहे." त्यानं पंडितकडे पाहिलं. "लिहून घे. आणि हेही लिही. मी नऊ वर्षांचा होतो. प्रॅक्टिकलसाठी आणलेले दीडशे बेडूक मी नाल्यात सोडून दिले. ते ओरडत होते म्हणून. यांनी मला कॉलेजातल्या बेडकांच्या खोलीत कोंडलं. शनिवारी दुपारी. घरी सांगितलं, मावशीकडे गेलाय. रविवारी संध्याकाळी दार उघडलं. वैशाखच होता. टाकीच्या तळाला बेडकांचं चार बोटं पाणी होतं. ते मी प्यालो. अजून जिभेवर आहे."

पंडितचं पेन थांबलं होतं.

"त्या रविवारी मी दार वाजवत होतो," हितेंद्र म्हणाला. "कंपासपेटीनं. टकटक, टकटक. बाहेरून शिपाई निंबा चालला होता. त्यानं विचारलं, आत काय वाजतंय? बाहेर कुणीतरी बाई होती, तिनं त्याला उत्तर दिलं. मी दाराला कान लावून ऐकलं. काय सांगितलं तिनं, आठवतं तुम्हाला?"

हौदात मातीचा एक खडा घरंगळला.

"आठवतं," लताबाई म्हणाल्या.

"किल्ली तुमच्या कमरेला होती, अक्का."

"हो."

"मग?"

"सरांनी सांगितलं होतं, उघडायचं नाही." त्यांचा हात कमरेकडे गेला. "मी म्हटलं, बेडूक असतील."

हितेंद्रनं मान हलवली. समाधान झाल्यासारखी. मग तो उठला आणि स्वतःच पंडितच्या पुढे चालू लागला. दारात थांबून वळला.

"जिवलीचं नाव घ्यायचं नव्हतं," तो म्हणाला. "पण कुणाचं तरी घ्यावं लागतं ना? तुम्ही बेडकांचं घेतलं होतं."

"तिची पोर तापानं फणफणली आहे, हितू. अकरा महिन्यांची."

त्यानं ऐकलं. चेहऱ्यावर काही उमटलं नाही. एवढंच झालं की बाहेर पडताना, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्यानं जाळीतून हौदात पाहिलं.

७

जिवलीला सहाच्या जीपमध्ये लताबाईंनी बसवून दिलं. तिला सगळं सांगितलं होतं, तरी तिला एकच कळत नव्हतं.

"मडकं जवळच व्हतं ना, अक्का?" तिनं दोनदा विचारलं. "डोयाना समोर?"

"हो."

जिवलीनं पदर तोंडाला लावला. जीप हलली. गेंदानं त्या रात्री अंगावर घेतलं, पण थोडंच. दूध निम्म्यावर आलं होतं. ते पुन्हा पूर्ण यायला दहा दिवस लागले. पोर वाचली. तेवढं पंडितनं फोन करून कळवलं. पुढे म्हणाला, "अक्का, तुमचा जबाब बी लागंल. ते जुनं बी लिहू का?"

"लिही," त्या म्हणाल्या. "माझं नाव नीट लिही."

उरलेली तीन भेकं लताबाईंच्या घरी आली. मोरीशेजारी काचेची टाकी, काथ्याची माती, जाळी, ओलं गोणपाट. पहिल्या दिवशी त्यांनी बादलीत शिळं केलेलं पाणी ताटात ओतलं आणि तिन्ही जनावरं, एकामागून एक, मातीतून उकरत वर आली, ताटात पोट टेकून बसली आणि तास-दीड तास हलली नाहीत. लताबाईही समोर पाटावर बसून राहिल्या. मग केळीच्या खोडातली एक जिवंत अळी त्यांनी चिमट्यात धरली. तोच चिमटा. धाकटं भेक पुढे सरकलं, मान तिरकी केली, चिमट्याकडे पाहिलं, आणि अळी घेतली. त्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

दुपारी कधी कधी एखादं भेक काचेवर चढायला जातं आणि पडतं. टक असा आवाज होतो. थांबून परत टक.

लताबाई जेवत असल्या तरी हातचा घास ठेवून उठतात. भेकंच आहेत, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. तरी जातात, जाळी उचलतात आणि आत पाहतात.